एकाच ब्रुअरीच्या वेगवेगळ्या बिअरमध्ये ओळखीची चव का लागते?
मुख्य कारण यीस्ट. घरचं विरजण तेच असलं की दूध कुठलंही आणा, दह्याला त्या घरचीच चव येते, तसंच हे. यीस्ट नुसतं अल्कोहोल करत नाही, एस्टर नावाची वासाची द्रव्यंही सोडतं आणि ती वाणागणिक बदलतात. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीचं घ्या. लंडन प्राइड काय, ईएसबी काय, त्यांच्या या दोन्ही बिअरमध्ये संत्र्याच्या मार्मलेडची झाक लागते, ती बरीचशी त्यांच्या यीस्टची. शिवाय या दोन्ही बिअर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) एकाच घाण्यातून काढायची तिथली जुनी पद्धत: पहिला दाट रस आणि नंतरचा पातळ रस वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचा. म्हणजे सख्खी भावंडंच! पाण्याचाही वाटा असतो, पण हल्ली क्षार घालून ते हवं तसं करून घेता येतं, त्यामुळे मी त्याला फार भाव देणार नाही.