घर नंतर बघा, आधी विषय बघा

ताई, तुम्ही विचारलंत की जुलैत कोथरूडहून कॅनडात मिसिसागाला येताय, मुलगी नववीत आहे, इंजिनिअरिंगचं डोक्यात आहे, आणि ओंटॅरिओच्या सरकारी हायस्कूलचे विषय बदललेत म्हणे ते नक्की काय. आम्ही सिंहगड रोडवरून आलो तेव्हा हे विचारायचं सुचलंच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्ग वयावर ठरतो, मार्कांवर नाही. ज्या वर्षात पंधरा पूर्ण होतात त्या सप्टेंबरात दहावी, मग पुण्यात काहीही शिकून झालेलं असो.

बदलांचं म्हणाल तर आधी नववीतच ॲकॅडमिक (जास्त थिअरी) आणि अप्लाइड (जास्त प्रॅक्टिकल) असे दोन फाटे असायचे, ते २०२१ ला गणितात बंद झाले आणि २०२२ ला बाकीच्या विषयांतही. पण दहावीत फाटे अजून आहेत हे लक्षात ठेवा, तिथे गणित अप्लाइड घेतलं तर अकरावीचं युनिव्हर्सिटीवालं गणित, म्हणजे फंक्शन्स, थेट मिळत नाही. दुसरं म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून नववी सुरू करणाऱ्यांना नववी-दहावीत टेक्नॉलॉजीचा एक क्रेडिट (म्हणजे पास केलेला एक पूर्ण विषय) सक्तीचा, सुतारकाम, गाड्या, कॉम्प्युटर असलं काहीतरी. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की नाकं मुरडतात, इथे माझ्या पोराने लाकडाचं स्टूल बनवून आणलं आणि त्याच्या बाबाने ते अजून हॉलमध्ये ठेवलंय, असो. एकूण ३० क्रेडिट, ४० तास समाजसेवा, साक्षरतेची परीक्षा, हे सगळं असतंच.

आता खरी गोम. पुण्यात अकरावीला सायन्स घेतलं की पीसीएम आलंच, फारतर बायफोकल मिळतंय का एवढंच बघायचं. इथे एकेक विषय सुटा निवडायचा आणि यादीत नाव आहे म्हणजे तो विषय त्या वर्षी चालणारच असं नाही, पुरेशी मुलं नसली की रद्द. निवड साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होते, म्हणजे तुम्ही जुलैत येणार तेव्हा उरलंसुरलं हातात. आमच्या मुलाला अकरावीचं फिजिक्स मिळालंच नाही, शाळा म्हणाली वर्ग भरलाय, पुढच्या वर्षी घे. पण अकरावीच्या फिजिक्सशिवाय बारावीचं घेता येत नाही, आणि इंजिनिअरिंगला बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्लिश, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स आणि कॅल्क्युलस लागतंच! शेवटी समर स्कूलला ११० तासांचा कोर्स महिनाभरात उरकला, पूर्ण उन्हाळा गेला आणि घरात रोज भांडणं.

म्हणून सांगते, शाळेचं रेटिंग बघून घर भाड्याने घेऊ नका. पत्त्यावरून शाळा ठरते, तेव्हा आधी दोन-तीन शाळांच्या गायडन्स काउन्सेलरला (विषय निवडायला मदत करतात त्यांना) ईमेल टाका आणि सरळ विचारा की बारावीचं फिजिक्स आणि कॅल्क्युलस यंदा किती तुकड्या चालतायत, नसेल तर बोर्डाच्या (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या) ऑनलाइन कोर्समध्ये जागा मिळते का. आमच्या ओळखीतले एकजण तर याच हिशोबाने दोन किलोमीटर पलीकडे राहिले.

येताना आठवी-नववीची मार्कशीट आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस शाळेच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी आणा, जुने क्रेडिट किती धरायचे ते इथले प्रिन्सिपल त्यावरूनच ठरवतात. आणि लसीकरणाचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातात ठेवा.