शनी हवा असेल तर गणित सोडू नका

सोलापूर जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला, विषय पीसीएमबी, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि बायोलॉजी. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली, तेव्हापासून 'मला शनीवरच काम करायचंय' हा हट्ट. घरच्यांना ती डॉक्टर व्हायला हवी आहे. क्लासवाले म्हणतात, नीटसाठी गणित सोडा, ओझं कमी होईल. वडील विचारतात: सोडावं का? आणि शनीवर काम म्हणजे नोकरी नक्की कसली? आजी तर 'पोरीला साडेसाती लागली' म्हणते!

नमस्कार,

आजींचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. शनीची सूर्याभोवतीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणूनच तो एका राशीत अडीच वर्षं रेंगाळतो, तीन राशींत मिळून साडेसात. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ ला निघालं ते १ जुलै २००४ ला शनीपाशी पोहोचलं. या क्षेत्रात घाई करणाऱ्याचं काम नाही, हे मुलीला आत्ताच सांगा.

गणित मात्र सोडू नका. बायोलॉजीही ठेवा. तिचे चारही विषय शनीभोवतीच फिरतात. कडी बर्फाच्या तुकड्यांची. ती का टिकतात, मधे फटी का पडतात, हे निव्वळ गणित आणि भौतिकशास्त्र. टायटन हा उपग्रह बुधापेक्षा मोठा, दाट हवेचा, उणे १७९ अंश सेल्सियसला मिथेनची तळी बाळगणारा. तिथे रसायनशास्त्राशिवाय पान हलत नाही. आणि एन्सेलाडस जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, पण त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडताना कॅसिनीने २००५ मध्ये पाहिले. बर्फाखाली खारा समुद्र आहे. तिथे जीव असू शकेल का, हा प्रश्न इतका गंभीरपणे घेतला गेला की इंधन संपत आल्यावर, यान चुकून टायटन किंवा एन्सेलाडसवर आदळून तिथे पृथ्वीचे जंतू जाऊ नयेत म्हणून, १५ सप्टेंबर २०१७ ला ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं. तुमच्या घरात नीटची पुस्तकं आहेत ना? तीही वाया जात नाहीत.

कामाचं म्हणाल, तर एक गोष्ट सांगतो. कॅसिनीच्या पाठीवर ह्युजेन्स नावाचं छोटं यान होतं, टायटनवर उतरणारं. ते वाटेत असताना, २००० मध्ये, युरोपियन अंतराळ संस्थेतल्या बोरिस स्मेड्स या इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या एका अँटेनावरून कॅसिनीला ह्युजेन्सचा नकली सिग्नल पाठवून चाचणी घेतली. दोन यानांच्या वेगातल्या फरकामुळे सिग्नलची वारंवारता सरकते, आणि कॅसिनीवरचा रिसीव्हर ते सरकणं झेलू शकत नाही, असं निघालं. म्हणजे ह्युजेन्सची माहिती मातीमोल झाली असती. रिसीव्हर बदलायला कोण जाणार? मग वेगातला फरक कमी व्हावा म्हणून कॅसिनीची वाटच बदलली, आणि १४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स टायटनवर उतरलं, फोटोही आले. ज्याने मोहीम वाचवली तो खगोलशास्त्रज्ञ नव्हता, रेडिओवाला होता. नोकरी कसली, याचं उत्तर असं पसरलेलं आहे.

आता कटू भाग. इस्रोची शनीकडे मोहीम नाही. नासात थेट नोकरीसाठी साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. म्हणून रस्ता बहुधा संशोधनातून जातो: बारावीनंतर आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संशोधन संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा, तिच्यात चारही विषय असतात (क्लासवाल्यांना हे विचारा). पुण्यातच आयसर आहे, आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आहे. ग्रहविज्ञानासाठी अहमदाबादची पीआरएल ही प्रयोगशाळा. इंजिनिअरिंगकडे कल असेल तर तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी, अंतराळ तंत्रज्ञानाचं कॉलेज. तिथे जेईई अॅडव्हान्स्ड, म्हणजे पुन्हा गणित. खर्चाची धास्ती पीएचडीपर्यंत ताणू नका. तेव्हा फेलोशिप मिळते, सध्या जेआरएफ या सुरुवातीच्या फेलोशिपला महिना ३७ हजार रुपये. डॉक्टरइतकी कमाई होईल असं मी म्हणणार नाही.

नासाचं ड्रॅगनफ्लाय, आठ रोटरचं, टायटनवर उडत फिरणारं यान, २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये पोहोचायचं ठरलंय. तेव्हा तुमची मुलगी पंचविशीच्या आसपास असेल, पीएचडी करण्याच्या वयाची. कॅसिनीची माहिती तर आजच सर्वांना फुकट खुली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला त्यातले मूळ काळे-पांढरे फोटो उतरवून घेऊन त्यांतून एकच रंगीत चित्र जुळवू द्या. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन दिवस जातील. चित्र जमो न जमो, पुढचं पत्र मात्र तुम्ही नका लिहू, तिला लिहू द्या. तिला कडी हवीत, टायटन हवा की यान, हे मला तिच्याकडून ऐकायचंय.