रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

"गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतात. खरं का?" मधुमेहाच्या समुपदेशनात हा प्रश्न मला जितका विचारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. त्याला लागूनच पुढचा येतो: "शुगर नॉर्मल आली, आता बंद केली तर काय होतंय?"

सोलापुरातल्या एका यंत्रमाग कामगाराची हकीगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. त्यांना मामा म्हणू.

मामा पन्नाशीचे, अंगाने काटकुळे. टॉवेलच्या कारखान्यात बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी पहिल्यांदा 9.4 आली होती. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सुरू झाली, काही महिन्यांनी आकडा 6.8 वर आला. मामांनी घरात जाहीर करून टाकलं, शुगर गेली. गोळ्या बंद, जांभळाच्या बियांची पावडर सुरू. मामींनी त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं तेव्हा आकडा 10.1 होता आणि रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठणं चाललं होतं.

अशा वेळी भाषण ठोकायचा मोह होतो. 6.8 हा आकडा गोळी चालू असतानाचा होता, ती काढल्यावरचा नव्हे, एवढं मी सांगितलं. मामांनी मान डोलावली. पण मान डोलावणारा माणूस घरी जाऊन गोळी घेतोच असं नाही, म्हणून विचारलं, "मामा, बंद करावी असं पहिल्यांदा कधी वाटलं?"

मामा गप्प. मामीच बोलल्या, "रिपोर्टचं निमित्त झालं ओ मॅडम. त्या दिवशी चक्कर आली ना, तेव्हापासूनच हे गोळीला भ्यालेत."

मग सगळं बाहेर आलं. चिठ्ठीवर लिहिलेलं, सकाळी नाश्त्याआधी एक. रातपाळी संपवून मामा सकाळी आठला घरी यायचे, शिस्तीत गोळी घ्यायचे आणि काही न खाता आडवे व्हायचे. एकदा अकराच्या सुमारास जाग आली ती अंग घामाने चिंब, हात थरथरतायत, छाती धडधडतेय अशी. मामींनी साखर घालून लिंबूसरबत पाजलं, पंधरा-वीस मिनिटांत माणूस ठिकाणावर. गल्लीत निदान ठरलं: गोळी गरम पडली.

गरम-बिरम काही नाही. लक्षणं आणि सरबताने पडलेला फरक पाहता त्या वेळची रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरली असणार. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिनचं काम निराळं. यकृत जी साखर रक्तात सोडत असतं ती ही गोळी कमी करते, त्यामुळे एकटी असेल तर साखर सहसा इतकी पाडत नाही. चिठ्ठीवरची 'सकाळ' ही रात्री झोपणाऱ्या माणसाची होती. मामांची सकाळ म्हणजे रात्र, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गोळी बदलणं माझं काम नव्हे. मी दोन्ही पाळ्यांचं झोपेचं आणि जेवणाचं वेळापत्रक कागदावर लिहून दिलं आणि त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड काढून सिटाग्लिप्टिन दिली, तीही साखर सहसा इतकी पाडत नाही. 2022 मध्ये तिचं पेटंट संपल्यापासून ती कामगाराच्याही खिशाला झेपते. मेटफॉर्मिन ठेवली, पण जेवणानंतर. घड्याळात काहीही वाजलेले असोत.

"पण किडनी?" मामांनी विचारलंच. ही भीती कुठून येते ते सांगते. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि रक्तदाब. किडनी फार अशक्त झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, आणि लोक उलटं समजतात की गोळीनेच किडनी गेली. म्हणून किडनी कशी आहे ते कळायला वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यायचं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्वसुद्धा, ते या गोळीने कमी होऊ शकतं.

खाण्याबद्दल मामा छातीठोक होते, "गोड तर खातच नाही." मी कालच्या दिवसाचा हिशेब मागितला. पाळीत सहा वेळा चहा. "काय सांगालाव मॅडम, चहा काय खाणं असतंय का?" कपाला दीड चमचा धरला तरी नऊ चमचे, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास साखर झाली. गुळाचा केला तरी हिशेब तोच. आणि भाकरी. ज्वारी शुगरला चालते, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पांढऱ्या भातापेक्षा ती नक्कीच बरी, तंतू जास्त असतात. पण 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेतच. त्यात कडक भाकरी कुरकुरत चार कधी जातात कळत नाही. वाळल्यावर पाणी उडतं, पीठ तिथेच असतं! चारच्या दोन केल्या, जोडीला उसळ किंवा दाट वरण आणि कच्चा कांदा-काकडी. शेंगाचटणीला मी हात लावला नाही. सोलापूरकराच्या ताटातून ती काढायला सांगणारा सल्ला दुसऱ्या दिवशी मोडतो, आणि चमचाभर शेंगदाण्याने साखर चढत नाही.

चालण्याचं म्हणाल तर मागांच्या मधून दिवसभर फिरतोच, असं मामांचं म्हणणं. ते फिरणं थांबत थांबत असतं. मी फक्त जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं मागितली, कारण तेव्हाच साखर चढत असते आणि चालणारे स्नायू ती ओढून घेतात. रातपाळीला मधल्या सुट्टीत ते आता कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारतात. उन्हाळ्यात दुपारी चालायचं नाही, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

आता मूळ प्रश्न. सुटते का गोळी? काहींची सुटते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात वजन घटवण्याच्या गटातल्या 46 टक्के लोकांची साखर वर्षाअखेर औषधाविना आटोक्यात होती. पण ते सगळे जादा वजनाचे होते, मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि औषधं देखरेखीखाली थांबवली होती. मामांकडे घटवायला वजनच नाही. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, तुमची सुटेल असं मी म्हणणार नाही. त्यांना वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवली असती तर त्यांनी ती पावडर पुन्हा काढली असती.

मागच्या तपासणीत आकडा 7.2 आला. गोळी चुकवत नाहीत, चक्कर पुन्हा आलेली नाही. जाता जाता मामांनी विचारलं, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर अनवाणी चाललो तर चालेल का? मधुमेहात पाय बधिर होऊन जखम कळेनाशी होऊ शकते, म्हणून पायाची संवेदना तपासली, ती शाबूत आहे. जखमही नाही. म्हटलं चाला, पण घरी आल्यावर मामींकडून तळवे नीट बघून घ्या, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आणि पुढच्या वर्षी निघण्याआधी पाय परत दाखवायला या, तेव्हा उत्तर हेच असेल असं नाही.