गाडीला बाहेरून सीएनजी किट आणि अलॉय बसवल्यावर इन्शुरन्सचा क्लेम मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल हॅचबॅकला बाहेरून सीएनजी किट, अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टीम बसवली, पॉलिसी मात्र जुनीच चालू आहे. खरी काळजी किटची करा. बाकीच्या दोन गोष्टी त्यामानाने किरकोळ.

मी काही वर्षं एका वर्कशॉपमध्ये क्लेमची कागदपत्रं बघायचो. एकदा मागून टेम्पोने ठोकलेली गाडी आली. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरने डिकी उघडली तर आत सिलिंडर, आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधन नुसतं पेट्रोल. मालक म्हणत होते, "अहो, धडक टेम्पोने दिली, त्यात सीएनजीचा काय संबंध?" मुद्दा रास्तच होता, पण फाइल तीन महिने अडकली. शेवटी 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडली म्हणून रक्कम कापून मंजूर केलेला क्लेम) म्हणून 75 टक्के मिळाले, किटचा एक रुपया नाही. आग किटमुळेच लागली असती तर तेवढेही हाती लागले नसते, असं माझं मत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सीएनजीला वाट आहे, पण ती आरटीओतून जाते: मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, मग आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद. ती झाली की विमा कंपनीकडून पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद घ्यायची. विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे (दरपत्रकाप्रमाणे) किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीचे (दुसऱ्यांच्या नुकसानीच्या विम्याचे) 60 रुपये, साधारण असाच हिशेब अजून लावतात. म्हणजे 50,000 च्या किटला वर्षाला दोन हजार साठ, वर जीएसटी. एवढ्यासाठी लोक लपवाछपवी का करतात, मला कधी कळलं नाही. बहुतेक वेळा लपवतही नाहीत म्हणा. फिटर "सगळं होऊन जाईल साहेब" म्हणतो आणि आरटीओचं राहून जातं.

अलॉय गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापाचे असतील तर क्लेम सहसा अडत नाही, फक्त न कळवलेल्या अलॉयचे पैसे मिळत नाहीत. माप वाढवून टायर कमानीबाहेर आले असतील तर मात्र सर्व्हेयर फोटो काढतोच. म्युझिक सिस्टीमही किमतीसह कळवा. आणि बसवताना मूळ वायरिंग कापलंय का ते विचारा. शॉर्टसर्किटच्या क्लेममध्ये टेप गुंडाळलेला जोड सापडला की पुढचं बोलणं अवघड होतं.

थर्ड पार्टीचं वेगळं आहे. तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली तर नोंद नसलेल्या किटकडे बोट दाखवून विमा कंपनीला सहज सुटता येत नाही. पण अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण कधीकधी 'आधी कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे' असा आदेश देतं. तेव्हा ती रक्कम फिरून तुमच्याच अंगावर येते.

तर आधी आरटीओ, मग विमा कंपनी, याच क्रमाने जा. सुधारित आरसीशिवाय कंपनी अर्ज परत पाठवते. कंपनीला पाठवायच्या मेलला आरसीची प्रत आणि किटचं बिल जोडा, आणि नवी पॉलिसी आली की त्यात किटची किंमत वेगळ्या रकान्यात छापली आहे का तेवढं बघा. एजंटचं "केलंय मी" पुरत नाही.