वाकलेला मागचा बीम, आणि अलाइनमेंटचा न मिळालेला कागद

प्रश्न : मी नागपुरात मनीषनगरला राहतो. माझ्या अडीच वर्षे जुन्या हॅचबॅकची दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग करून घेतली. बिलात चारही चाकांच्या अलाइनमेंटचे (चाकांचे कोन तपासून जुळवण्याचे) पैसे लावले आहेत. त्यानंतर १,८०० किलोमीटर चालल्यावर मागचे डावे टायर आतल्या कडेने झिजलेले दिसले, आणि दुसऱ्या दुकानात मागचा टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणारा पोलादी भाग, वाकल्याचे निघाले. सर्व्हिस सेंटर म्हणते, गाडी खड्ड्यात आदळली असेल. नवा बीम बसवायला ३८,००० रुपये लागतील, नाहीतर तापवून सरळ करून देऊ. विमा एजंट म्हणतात, ‘काल खड्ड्यात गेली असे लिहून द्या.’ मी काय करावे?

उत्तर : एजंटांचा सल्ला आपण मानू नये. खोटी तारीख घालून केलेला दावा विमा कंपनी फेटाळू शकते आणि प्रकरण फसवणुकीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते, हे तर आहेच. पण आपल्या दृष्टीने याहून मोठा तोटा असा की, ‘खड्ड्यामुळे बीम वाकला’ असे आपल्याच सहीने एकदा लिहून दिले की सर्व्हिस सेंटरविरुद्धची तक्रार तेथेच संपते. गाडी खरोखर कुठे आदळल्याचे आपल्याला आठवत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा खरी तारीख देऊन, सर्व्हेअरने (विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) पाहण्याआधी काहीही न खोलता दावा करावा. झीरो डेप (घसारा न कापण्याची विम्यातील जादा सोय) नसल्यास या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर सर्वसाधारणपणे १५ टक्के आणि टायरवर ५० टक्के घसारा कापला जातो.

तसे काही आठवत नसेल, तर आपल्या प्रकरणाचा सगळा भार अलाइनमेंटच्या त्या एका नोंदीवर आहे. यंत्र मागच्या चाकांची मापे छापून देते, आणि बहुतेक हॅचबॅकमध्ये टॉर्शन बीमची मापे जुळवून घेण्याची सोय नसते. म्हणजे बीम वाकलेला असता तर ती मापे मर्यादेबाहेरच दिसली असती. आपण तो छापील कागद लेखी पत्राने मागावा. मापे बिघडलेली असतील, तर सेंटरला दोष माहीत असून त्यांनी तो सांगितला नाही, आणि जाणूनबुजून माहिती दडवणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटीतच मोडते. कागदच नसेल, तर न केलेल्या कामाचे पैसे घेतले, असा आक्षेप घेता येतो. मापे योग्य निघाली, तर मात्र बीम नंतर वाकला असेच मानावे लागेल, आणि तसे झाल्यास तक्रारीच्या फंदात पडू नका, असेच मी सांगेन. मधले १,८०० किलोमीटर ही आपली कमकुवत बाजू आहे, ती झाकून ठेवू नये.

बीम तापवून सरळ करून घेऊ नये. त्याने पोलादाची ताकद कमी होऊ शकते आणि पुरावाही नष्ट होतो. परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरकडून गाडी लिफ्टवर असताना पाहणी करून घ्यावी, वाकल्याच्या जागी ओरखडा किंवा जॅकचा ठसा आहे का हे अहवालात नोंदवून घ्यावे, आणि नवा बीम बसवल्यावर जुना भाग लेखी पावतीने ताब्यात घ्यावा. हे काम शक्यतो दुसऱ्या गॅरेजात करावे, कारण करार कायद्याच्या कलम १७० नुसार, दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत काम करणाऱ्याला गाडी अडवून ठेवण्याचा अधिकार असतो आणि वादातल्या माणसाच्या हाती तो देण्यात शहाणपण नाही. तोवर वर्धा रोडवर वेगाने गाडी हाकू नये, हे वकिलाने सांगण्याची गरज नसावी.

यानंतर सेंटरला लेखी नोटीस द्यावी, आणि तिला उत्तर न आल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी आपण दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि सुनावणी मुख्यतः प्रतिज्ञापत्र व कागदपत्रांवर चालते. म्हणून जॉब कार्डावरील (सेंटरने कामाची नोंद केलेल्या कागदावरील) किलोमीटरची नोंद आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना केलेल्या पाहणीचा कागद आजच शोधून ठेवावा. त्यात मागच्या बाजूच्या नुकसानीचा उल्लेख नसेल, तर ‘गाडी आली तेव्हाच वाकलेली होती’ हे म्हणणे सेंटरला जड जाईल.