साध्या खेडेगावच्या घराच्या एचिंगमध्ये (म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात) एवढं काय बघायचं असतं?

मलाही आधी हेच वाटायचं, पडकं घर तर आहे, त्यात काय! पण डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४१ च्या आसपास हॉलंडमधल्या शेतकऱ्यांच्या झोपड्यांची जी एचिंग्ज केलीत ती मोबाईलवर झूम करून बघा. छपराचं गवत म्हणजे नुसत्या बारीक रेघा, काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी एकदम विरळ, आणि आभाळ बहुतेक कोरंच सोडलेलं.

एचिंग करताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने चित्र ओरखडतात आणि मग पत्रा ॲसिडमध्ये टाकतात, जिथे मेण निघालंय तिथेच ॲसिड तांबं खातं, जास्त वेळ ठेवलं की रेघ खोल आणि छापल्यावर काळी. आणि चित्र उलटं छापलं जातं, म्हणजे डावीकडचं झाड उजवीकडे (हे कळल्यावर मी सगळी चित्रं आरशात बघितली होती 😄).

आम्ही नाशिकवाले, त्र्यंबकच्या पुढे गेलं की कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरं अजून दिसतात. तसं एखादं घर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, कुडावरचं सारवण जिथे पडलंय तिथे आतल्या काड्या दिसतात ना, अगदी तशाच रेघा.