अट कोणाच्या भल्यासाठी होती?

प्रश्न : २०१९ मध्ये युक्रेनला द्यायची लष्करी मदत अडवून डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वतःचा राजकीय स्वार्थ साधू पाहिला, असा आरोप झाला आणि त्यावरून त्यांच्यावर महाभियोगही चालला. परंतु कोणताही देश दुसऱ्याला उगाच पैसा देत नाही, मदतीमागे अट असतेच. मग ट्रम्प यांनी अट घातली असेल, तर त्यात गैर ते काय?

उत्तर : मदतीमागे अट असते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ट्रम्प यांचे हंगामी चीफ ऑफ स्टाफ मिक मुल्वानी यांनीही १७ ऑक्टोबर २०१९ रोजी पत्रकारांपुढे हेच सांगितले होते, की अशा गोष्टी आम्ही नेहमीच करतो. नंतर त्यांनी ते विधान फिरवले. तेव्हा अट होती की नव्हती, एवढ्यावर हा वाद मिटत नाही. ती पुरी झाली असती तर कोणाच्या पदरात काय पडले असते, हे पाहावे लागते.

अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, मंजूर केलेली ही मदत सुमारे ३९.१ कोटी डॉलरची होती. त्यातले २५ कोटी संरक्षण खात्यामार्फत आणि उरलेले परराष्ट्र खात्यामार्फत जायचे होते. युक्रेन २०१४ पासून आपल्या पूर्व भागात रशियाच्या पाठबळावर लढणाऱ्या फुटीरतावाद्यांशी झुंजत होता. भ्रष्टाचार रोखण्यासाठी त्या देशाने पुरेशी पावले उचलली आहेत, असे प्रमाणपत्र संरक्षण खात्याने मे २०१९ मध्येच दिले होते आणि तरीही जुलैमध्ये अध्यक्षांच्या आदेशावरून पैसा थांबला. २५ जुलै रोजी ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले. व्हाइट हाउसनेच पुढे प्रसिद्ध केलेल्या टिपणात आपल्याला दिसते, की झेलेन्स्की संरक्षणातील साहाय्याबद्दल आभार मानून आणखी जॅव्हेलिन ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे घेण्याची तयारी दाखवतात आणि त्यावर ट्रम्प यांचे लगेचचे वाक्य असे आहे, की पण तुम्ही आमचे एक काम करावे. त्यांना आधी २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीसंबंधी युक्रेनकडून शोध हवा होता, आणि पुढे बोलण्याच्या ओघात जो बायडेन व त्यांचे चिरंजीव हंटर यांचा विषय त्यांनीच काढला. बायडेन तेव्हा २०२० च्या निवडणुकीत त्यांचे संभाव्य प्रतिस्पर्धी होते. (ही क्षेपणास्त्रे अडवलेल्या मदतीत मोडत नव्हती, हे येथे नोंदवायला हवे.) संभाषण संपून दीड तास होतो न होतो तोच व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातून संरक्षण खात्याला ईमेल गेला, की हा पैसा तूर्त थांबवून ठेवावा.

ट्रम्प यांच्या बाजूने मांडलेले मुद्देही बाजूला सारण्यासारखे नाहीत. आपल्यावर कोणी दबाव आणला नाही, असे झेलेन्स्की स्वतः म्हणाले. मदत अडल्याची बातमी छापून आली ती २८ ऑगस्टला. मग जे ठाऊकच नाही त्याचा दबाव कसा येईल, असा सवाल बचावपक्षाने केला. मात्र युक्रेनच्या वकिलातीतून या पैशाबद्दल २५ जुलैलाच विचारणा होऊ लागली होती, अशी साक्ष संरक्षण खात्याच्या अधिकारी लॉरा कूपर यांनी दिली आहे. आणि ज्या देशाचे सैनिक खंदकांत बसले आहेत, त्याचा अध्यक्ष मदत देणाऱ्याबद्दल चारचौघांत तक्रार करील, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

माझे मत ज्या साक्षीने पक्के झाले ती युरोपीय संघातील अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत गॉर्डन सॉन्डलंड यांची. ट्रम्प यांनीच नेमलेले हे गृहस्थ. मोबदल्यात आपल्याला काहीही नको, असे ट्रम्प आपल्याला म्हणाले होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण त्याच साक्षीत ते म्हणाले, की झेलेन्स्की यांनी चौकशीची जाहीर घोषणा करणे गरजेचे होते; चौकशी प्रत्यक्षात व्हायलाच हवी असे नव्हते, अशी आपली समजूत होती. भ्रष्टाचार खणून काढायचा असेल तर चौकशी हवी, घोषणा नसली तरी चालते. येथे मागणी नेमकी उलटी होती. नुसत्या घोषणेने युक्रेनमधला एकही लाचखाऊ पकडला गेला नसता, बायडेन यांचे नाव मात्र निवडणुकीच्या तोंडावर डागाळले असते. म्हणून मी याला गैरवापर म्हणतो.

प्रश्न : बायडेन यांनीही उपाध्यक्ष असताना एक अब्ज डॉलरच्या कर्जहमीचा धाक घालून युक्रेनच्या महाअभियोक्त्याला हटवायला लावले होते. त्यांना वेगळा न्याय का?

उत्तर : कसोटी तीच लावू. महाअभियोक्ता विक्टर शोकिन यांना दूर करावे ही अमेरिकी सरकारची उघड भूमिका होती, युरोपीय संघाचाही तसाच आग्रह होता, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांना हटवले ते युक्रेनच्या संसदेने. मात्र वडील हे धोरण राबवीत असताना मुलाने त्याच देशातील बुरिस्मा या वायू कंपनीच्या संचालक मंडळावर बसणे शोभणारे नव्हते, आणि त्याबद्दल बायडेन यांना प्रश्न विचारणे रास्तच आहे.

प्रश्न : सिनेटने ट्रम्प यांना निर्दोष ठरवले आणि युक्रेनला पैसाही मिळाला. मग नुकसान काय झाले?

उत्तर : सिनेटपुढचा प्रश्न अध्यक्षांना पदावरून काढावे का, हा होता आणि त्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. ५ फेब्रुवारी २०२० रोजी सत्तेच्या गैरवापराच्या आरोपावर दोषी म्हणणारी मते ४८ पडली, निर्दोष म्हणणारी ५२. सुरक्षा सल्लागार राहिलेले जॉन बोल्टन साक्षीला तयार असूनही साक्षीदार बोलावण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४९ मतांनी आधीच फेटाळला गेला होता, आणि याची मला आजही खंत वाटते. ट्रम्प यांच्याच पक्षाचे लमार अलेक्झांडर यांनी कृत्य अनुचित होते व ते सिद्धही झाले आहे असे म्हणून, तेवढ्यावरून पदच्युत करता येत नाही, अशी भूमिका घेतली. त्याच पक्षाचे मिट रॉम्नी यांनी मात्र या आरोपावर ट्रम्प यांना दोषी ठरवले. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तर निकालापूर्वीच, १६ जानेवारीला, अर्थसंकल्प कार्यालयाने हा पैसा अडवून, काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अध्यक्षांनी मनमानीने रोखू नये यासाठीच्या १९७४ च्या कायद्याचा भंग केला, असा निर्णय दिला होता.

पैसा सुटला तो ११ सप्टेंबरला, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या समित्यांनी चौकशी जाहीर केल्यानंतर दोनच दिवसांनी. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपत होते. तोवर सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्ची पडू शकले नाहीत आणि ते बुडू नयेत म्हणून काँग्रेसला मुदत वाढवून द्यावी लागली.